स्कीइंगची हौस : तयारी मात्र घरूनच हवी

गुलमर्गच्या पांढऱ्याशुभ्र उतारावर माझे थोरले दीर कुशीवर पडले होते. एक पाय बर्फात रुतलेला, दुसऱ्या पायातली स्की आडवी अडकलेली. सुरुवातीला आम्ही सगळे हसलो, कारण त्या दुपारी दर दोन मिनिटांनी कुणी ना कुणी पडतच होते. पण भाऊजी उठेनात. त्यांचा चेहरा पाहिला आणि आमचे हसू मावळले.

ही गोष्ट जानेवारी २०२३ च्या अखेरची. गुडघ्याच्या लिगामेंटला इजा झाली होती. पाच आठवडे पट्टा बांधून घरी बसावे लागले. दोष बर्फाचा नव्हता की दैवाचाही नव्हता. मुलांच्या हट्टापायी आम्ही चार दिवसांची सहल घाईघाईने ठरवली. त्यातले दोन दिवस हिमवर्षावात खोलीत बसून गेले. उरलेल्या एका दुपारी ‘आलोच आहोत तर करून घेऊ’ म्हणून शिक्षक न घेता भाड्याच्या स्की पायात चढवल्या. थंडी वाजू नये म्हणून भाऊजींनी दोन-दोन मोजे घातले आणि ते मावावेत म्हणून एक माप मोठे बूट घेतले. पुढे जे व्हायचे ते झाले.

वर्षभराने, फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही पुन्हा गेलो आणि भाऊजीही डॉक्टरांची परवानगी घेऊन आले. या दोन सहलींमधला फरक फक्त तयारीचा होता. ती तयारी कशी करायची, तेच येथे सांगते.

कुठे आणि केव्हा?

आपल्याकडे स्कीइंगसाठी तीन ठिकाणे प्रसिद्ध आहेत. काश्मीरमधील गुलमर्ग, हिमाचल प्रदेशात मनालीजवळची सोलंग दरी आणि उत्तराखंडातील औली. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर असून श्रीनगरपासून साधारण ५० किलोमीटरवर आहे. औलीला जायचे तर ऋषिकेशहून जोशीमठपर्यंतच जवळजवळ २५० किलोमीटरचा डोंगरी रस्ता आहे, म्हणजे पूर्ण दिवस प्रवासात जातो. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचल्यानंतर तेथून औलीला जाणारा रोपवे बंद करण्यात आला. म्हणून मोटारीची सोय गृहीत धरूनच बेत आखावा.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याची थंडी असते. तिला तेथे ‘चिल्लई कलान’ म्हणतात. बर्फ मुख्यतः याच काळात साठतो. नवशिक्यांना मात्र फेब्रुवारी अधिक सोयीचा. दिवस थोडे मोठे झालेले असतात आणि उतारांवर बर्फ बसलेला असतो.

पण बर्फ आपल्या रजेप्रमाणे पडत नाही, हेही ध्यानात ठेवा. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणे बराच काळ उघडी पडली होती. बर्फ आला तो महिना संपता संपता. २०२५ मध्ये तर पुरेशा बर्फाअभावी गुलमर्गमधील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणून तारीख बदलता येईल किंवा पैसे परत मिळतील असेच आरक्षण करा. थोडे जास्त पैसे पडले तरी चालेल.

दोन दिवस हाताशी ठेवा

बर्फ पडू लागला की श्रीनगरची विमाने रद्द होतात आणि जम्मू-श्रीनगर महामार्ग दरडींमुळे बंद पडतो. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर थेट रेल्वे सुरू झाल्याने एक चांगला पर्याय मिळाला आहे. तरीही परतीच्या बाजूला दोन दिवस मोकळे ठेवाच. दुसऱ्याच दिवशी मुलाची परीक्षा किंवा कचेरीतली महत्त्वाची बैठक असेल, तर सगळी सहल काळजीत जाते. आमचे पहिल्या वर्षी तेच झाले.

तनमर्गहून गुलमर्गला चढणारा तेरा किलोमीटरचा रस्ता बर्फात निसरडा होतो. चाकांना साखळ्या लावलेली गाडीच अशा वेळी वर जाऊ शकते. गाडीवाल्याशी भाडे ठरवतानाच हे विचारून घ्या. जम्मू-काश्मीरमध्ये जाताना घरातील एकाकडे तरी पोस्टपेड मोबाइल असावा, कारण बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड कार्डे तेथे चालत नाहीत. निघण्यापूर्वी प्रशासनाच्या ताज्या सूचनाही पाहा. एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हल्ल्यानंतर तेथील अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद ठेवण्यात आली होती.

दोन महिने आधी उठाबशा

स्कीइंगमध्ये सगळा भार मांड्या आणि गुडघ्यांवर येतो. गुडघे वाकवून, अंग किंचित पुढे झुकवून तासन् तास राहावे लागते. ज्यांचे दिवस खुर्चीत बसून जातात, त्यांचे पाय अर्ध्या तासात थरथरू लागतात आणि थकलेल्या पायांवरच माणूस पडतो.

यासाठी व्यायामशाळेची गरज नाही. आपल्या जुन्या बैठका, उठाबशा आणि सूर्यनमस्कार पुरेसे आहेत. भिंतीला पाठ टेकवून, अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखे अर्धा-एक मिनिट थांबायचे आणि हळूहळू वेळ वाढवायचा. जिना चढण्याइतकेच सावकाश उतरणेही महत्त्वाचे, कारण स्कीइंग म्हणजे उतरण्याचाच खेळ. जवळपास किल्ला किंवा टेकडी असेल तर रविवारी तिथे जा. भाऊजी दोन महिने रोज आमच्या इमारतीचे चार मजले तीन वेळा चढत-उतरत. शेजारी हसत, पण त्यांनी नेम मोडला नाही.

रक्तदाब, हृदयविकार, दमा किंवा गुडघ्याचे जुने दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पोहोचल्याच्या दिवशी विश्रांती घ्या आणि भरपूर पाणी प्या. उंचीमुळे थोडे डोके दुखू शकते. दुखणे वाढू लागले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर अंगावर काढू नका. खाली उतरा आणि डॉक्टरांना दाखवा.

कपडे : जाड नव्हे, थरांचे

एकच जाडजूड कोट घेण्यापेक्षा तीन थर घाला. आतला थर लोकरीचा किंवा घाम शोषून न ठेवणाऱ्या कृत्रिम धाग्याचा, मधला ऊबदार, बाहेरचा वारा आणि पाणी अडवणारा. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा. ती ओली झाली की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. हातमोजे जलरोधक हवेत, शक्यतो दोन जोड.

डोळे आणि त्वचा यांची काळजी थंडीत कुणाला सुचत नाही. पण ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. त्यामुळे गॉगल आवश्यक आहे आणि सनस्क्रीन हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेलाही लावावे. आमचा मुलगा पहिल्या दिवशी ढगाळ आहे म्हणून मलम न लावता गेला आणि संध्याकाळी टोमॅटोसारखा लाल होऊन परतला.

बूट नीट, तर सगळे नीट

स्की, बूट, काठ्या आणि हेल्मेट तेथे भाड्याने मिळतात. विकत घेण्याची घाई करू नका. मात्र बूट निवडायला अर्धा तास द्या. मोज्यांचा एकच जोड घाला, तो लांब आणि सुरकुती न पडणारा असावा. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकी टेकावीत आणि गुडघे वाकवताच ती मागे यावीत. टाच वर उचलता कामा नये. सैल बुटात पाय एकीकडे वळतो आणि स्की दुसरीकडेच जाते. नवशिक्याची स्की उभी धरली असता हनुवटीपर्यंत किंवा नाकापर्यंत यावी.

बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, म्हणजे बाइंडिंग, पडताना आपोआप सुटावी लागते. ती किती घट्ट ठेवायची हे तुमचे वजन, उंची, वय, बुटाचे माप आणि कौशल्य यांवर ठरते. म्हणून वजन खरे सांगा! भाऊजींच्या पायातली पकड सुटली नव्हती, कारण ती कुणी तपासलीच नव्हती आणि आम्हीही विचारले नव्हते.

आधी थांबायला शिका

नातलगांकडून किंवा नवऱ्याकडून शिकण्याऐवजी प्रशिक्षक घ्या. गुलमर्गमध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे. मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था सोलंगला, तर गढवाल मंडल विकास निगम औलीला स्कीइंगचे वर्ग घेतात. जागा मर्यादित असतात, म्हणून चौकशी शरद ऋतूतच करावी. खाजगी प्रशिक्षक घेतलात तर परवाना पाहा आणि दिवसभराच्या पैशात शिक्षण, सामान, लिफ्ट यांतले काय काय येते ते सकाळीच ठरवा. मग संध्याकाळी वाद होत नाहीत.

पहिल्या दिवशी स्कीची टोके जवळ आणि मागची बाजू फाकवून वेग कमी करायला शिकवतात. मुलांना ‘पिझ्झ्याच्या तुकड्यासारखे पाय करा’ म्हटले की लगेच समजते. पडण्याचीही रीत आहे. तोल जातोय असे वाटले तर कुशीवर पडा आणि काठ्या सोडून द्या, नाहीतर अंगठा मुरगळतो. उठताना स्की उताराला आडव्या ठेवा.

गुलमर्गचा गोंडोला हे मोठे आकर्षण आहे. १९९८ मध्ये सुरू झालेला पहिला टप्पा कोंगदूरीला नेतो, तर २००५ मधील दुसरा टप्पा अफरवटवर, जवळजवळ चार हजार मीटर उंचीपर्यंत. वर जाऊन देखावा जरूर पाहा, पण नवशिक्यांनी स्की मात्र खालच्या सोप्या उतारावरच करावी. आखलेल्या पट्टीबाहेर हिमकडे कोसळतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीपटू तेथे हिमस्खलनात मरण पावले. तेव्हा दोरी ओलांडू नका.

खोलीतली खबरदारी

रात्री खोलीत बुखारी किंवा कोळशाची शेगडी पेटवून, दारे-खिडक्या बंद करून झोपणे जिवावर बेतू शकते. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. झोपण्यापूर्वी ती विझवा आणि अंथरुणात गरम पाण्याची पिशवी घ्या. प्रवास विम्यात स्कीइंगच्या अपघाताचा खर्च धरला आहे का, तेही निघण्यापूर्वी वाचा. पुष्कळ विम्यांत तो नसतो.

दुसऱ्या सहलीत आम्ही सात दिवस राहिलो. एक दिवस बर्फवादळात गेला, पण या वेळी कुणी चिडले नाही. हातात कहवा घेऊन आम्ही पत्ते कुटले. पाचव्या दिवशी भाऊजी लहान मुलांच्या उतारावरून एकटे खाली आले. वेग असा की शेजारून सहा वर्षांची मुलगी त्यांना मागे टाकून गेली. पण तळाशी येऊन ते स्वतःच्या पायांनी थांबले आणि घामेजलेल्या चेहऱ्याने म्हणाले, “आमच्या जिन्याला नमस्कार सांगा!”