पोफळी पडलेल्या गावी

समुद्राचे नाव काढले की आमच्या कवठे महांकाळच्या माणसाला उत्साह संचारतो. तालुक्यातली अग्रणी नदी वर्षातले बरेच महिने नुसती वाळू दाखवते. तेव्हा एवढे पाणी एके ठिकाणी, तेही फुकट पाहायला मिळते, याचेच आम्हांला नवल!

पण २०२०च्या डिसेंबरात दिवेआगरला जायचे ठरले आणि घरात दोन तट पडले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळून गेले होते. वाऱ्याचा वेग ताशी ११०-१२० किलोमीटर. "ज्यांची छपरे उडाली त्यांच्या दारी सहलीला जायचे? शोभते का?" हा सौ.चा सवाल. मला उत्तर सुचेना, म्हणून नेहमीच्या बिऱ्हाडी फोन लावला. काका म्हणाले, "अहो मास्तर, वादळ येऊन गेले, आता माणसे तरी येऊ देत! टाळेबंदी नि वारा यांनी मिळून ओटीवर एक पान वाढू दिलेले नाही."

दोन किलो बेदाणा पिशवीत टाकून निघालो. आंबेनळी घाट उतरून महाड गाठले तोवर सारे ठीक होते. म्हसळ्याच्या पुढे मात्र मधूनच बुंधे मोडलेली झाडे दिसू लागली आणि गाडीतली भेंड्यांची मैफल आपोआप थांबली.

काकांच्या वाडीत पूर्वी भर दुपारीही संधिप्रकाश असे. पोफळींच्या डोक्यावर माडांची छत्री, खाली जायफळ, मिरीचे वेल आणि पाटाच्या पाण्याची झुळझुळ. आता तिथे लख्ख ऊन पडले होते. उन्हाचे मला कसले अप्रूप, आमच्याकडे तेच तर पिकते! पण त्या वाडीतले ऊन पाहवेना. नव्या रोपांना ते सोसत नाही, म्हणून काकांनी सावलीसाठी आधी केळी लावल्या होत्या. केळीच्या आडोशाला वीतवीतभर पोफळी.

"सुपारी कधी धरणार?" आमच्या चिरंजिवांनी विचारले.

"सहा-सात वर्षांनी. मी आत्ता त्र्याहत्तर," काका हसले.

रात्री वीज गेली. काकू सवयीने उठल्या आणि कंदील घेऊन आल्या. वादळानंतर कित्येक गावांत महिना उलटला तरी दिवा लागला नव्हता. अंधाराचे काही नाही, त्या म्हणाल्या, पण पंप बंद म्हणजे पाणी बंद. रहाट केव्हाच मोडीत निघालेला. मग दोघा म्हाताऱ्यांनी पोहऱ्याने पाणी शेंदले. पाऊस वर कोसळत असताना प्यायच्या पाण्यासाठी हात सोलून निघावेत, हे आम्हां दुष्काळी मुलखातल्या लोकांनाही नवे होते.

सरकारने बागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली होती. पण कोकणातली वाडी मोजतात गुंठ्यांनी! काकांची वाडी दहा गुंठे. त्रैराशिक मांडून पाहा, पाच हजार येतात. आमच्या भावाची द्राक्षबाग एकदा गारांनी झोडपली होती, तेव्हा पंचनाम्याचे कागद मीच लिहिले होते. काकांनीही कागद पुढे केले. कंदिलाच्या उजेडात दोन तास आम्ही अर्ज लिहीत बसलो. सहलीतला तो कार्यक्रम मुलांना मुळीच आवडला नाही.

सकाळी समुद्र मात्र असा शांत, जणू त्या गावचाच नव्हे. मुले मनसोक्त डुंबली. किनाऱ्यावर मोडक्या केतकीशेजारी एका बाईने शहाळ्यांची टोपली मांडली होती. "आमच्या वाडीतली नाहीत हो, विकत आणलीत," असे तिने आपणहून सांगितले. आम्ही गरजेपेक्षा चार जास्त घेतली.

निघताना काका पैसे घेईनात. "मास्तर, लिखाणाची मजुरी वळती केली." शेवटी सौ.ने बेदाण्याच्या डब्याखाली नोटा ठेवल्या आणि मोठ्या गावी पोहोचल्यावर फोन करून सांगितल्या. काकूंनी दिलेले पोफळीचे रोप आम्ही न्हाणीच्या पाण्यावर, भिंतीच्या सावलीला लावले आहे. शेजारी हसतात. रोप आता माझ्या खांद्याला लागते. सुपारी अजून धरलेली नाही.