तीनशे डॉलरची पत

साताऱ्याच्या बँकेतला शैक्षणिक कर्जाचा हप्ता दर महिन्याला न चुकता भरणाऱ्या मुलीला इथल्या, अमेरिकेतल्या बँकेचं पत्र आलं, की आपली क्रेडिट हिस्टरी अपुरी असल्यामुळे कार्डाचा अर्ज मंजूर करता येत नाही. मुलगी आमच्याच मजल्यावर राहते. होबोकनला स्टीव्हन्समध्ये एम.एस. केलं, न्यूअर्कला पहिली नोकरी लागली, पगार बरा आणि खर्च बेताचा. पत्र घेऊन ती बँकेच्या शाखेत गेली, तेव्हा तिथल्या माणसाने उपाय सांगितला : आमच्याकडे ३०० डॉलर अनामत ठेवा, आम्ही तुम्हाला ३०० डॉलरच्या मर्यादेचं सिक्युअर्ड कार्ड देतो. संध्याकाळी ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा आवाज कापत होता.

"मावशी, माझेच पैसे त्यांनी ठेवून घ्यायचे, तेवढेच मला उसने द्यायचे, आणि मला उशीर झाला तर व्याजही माझ्याकडूनच घ्यायचं. मग त्यांनी मला दिलं काय?"

प्रश्न रास्त आहे. फोनवर तिच्या बाबांनी सांगून टाकलं होतं, घेऊ नकोस. मी सांगितलं, घे, आणि याच आठवड्यात घे. दर उन्हाळ्यात जर्नल स्क्वेअरच्या आसपासच्या घरांतून नवी नोकरदार मुलं याच पायरीवर अडखळताना दिसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

बँक तिला देते ती नोंद. कार्ड कधी घेतलं, मर्यादा किती, त्यातली वापरली किती, बिल वेळेवर भरलं का, हे ती दर महिन्याला इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन संस्थांना कळवते. त्या नोंदींवरून ३०० ते ८५० यांच्यामधला एक आकडा निघतो, ज्याला इथे सगळे फायको स्कोअर म्हणतात. बिल फेयर हा अभियंता आणि अर्ल आयझॅक हा गणिती, या दोघांनी १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेल्या कंपनीचं ते नाव. सर्वत्र चालणारा हा गुणांक मात्र १९८९ पासूनचा. तो निघण्यासाठी किमान एक खातं सहा महिने जुनं असावं लागतं. म्हणजे ज्याचं खातंच नाही त्याचा स्कोअर कमी नसतो, तो मुळात नसतोच. ३०० डॉलर ठेवून घेतलेलं कार्ड आणि साधं कार्ड यांच्या नोंदीत, गुण काढताना, डावं-उजवं केलं जात नाही. सहा महिने नीट वापरलं की मुलगी त्या यंत्रणेच्या दृष्टीने अस्तित्वात येते. पुढे घर बदलताना घरमालक, गाडी घेताना विक्रेता, तिला हाच आकडा विचारणार आहेत.

भारतातला सिबिलचा आकडा ३०० ते ९०० मधला असतो आणि तो सीमेपलीकडे आपोआप येत नाही. इथल्या काही मोजक्या कंपन्या मागणी केली तर भारतातला अहवाल पाहतात. पण चोविसाव्या वर्षी त्या अहवालात असून असून काय असणार? आणि पुण्यात वीस वर्षं गृहकर्ज फेडून पन्नाशीत इकडे बदलीवर आलेला माणूससुद्धा बँकेच्या खिडकीशी या मुलीच्याच रांगेत उभा राहतो.

मला या कार्डाकडे पाहिलं की आमच्या तालुक्यातली शिक्षकांची पतसंस्था आठवते. माझे वडील तिचे सभासद होते. आधी भाग घ्यायचे, मग पगारातून दर महिन्याला वर्गणी कापली जायची, आणि काही वर्षांनी त्या जमेच्या जोरावर कर्ज मिळायचं. कर्ज दोन तऱ्हेचं. ठेवतारण कर्जाला कुणाच्या पाया पडावं लागत नसे. स्वतःची ठेव संस्थेत असायची, तिच्यावर अर्ज केला की दोन दिवसांत पैसे हातात. व्याज ठेवीच्या दराहून एक-दोन टक्के जास्त, पण ठेवीवरचं आपलं व्याज तिकडे चालूच. सिक्युअर्ड कार्ड म्हणजे हुबेहूब हे ठेवतारण कर्ज. साताऱ्याच्या बाबांना तसं सांगितलं असतं तर त्यांना ते क्षणात पटलं असतं, कारण त्यांनीही ते कधीतरी काढलेलं असणार.

दुसरं जामीन कर्ज. त्याला दोन सभासद जामीनदार लागत. आमच्या घरी रविवारी सकाळी जी माणसं चहाला येत, त्यांतल्या निम्म्यांच्या खिशात फॉर्म असे. वडील सही करत. एका सहकाऱ्याने मुलीच्या लग्नासाठी घेतलेले पैसे थकवले, तेव्हा वडिलांच्या पगारातून कपात सुरू झाली, आणि त्या वर्षी घरात शिलाई मशिन यायचं होतं ते आलं नाही. आई त्या माणसाशी नंतर कधी बोलली नाही. तरीही त्या पद्धतीत एक ऊब होती, हे मी आजही म्हणेन. नवा शिक्षक बदलून आला, त्याच्याकडे दमडी नसली, तरी मुख्याध्यापकांनी 'पोरगा चांगला आहे' म्हटलं की सही मिळत असे. माणसाच्या शब्दावर माणसाला पैसे मिळत. पण ज्याच्यासाठी मुख्याध्यापक तोंड उघडणार नाहीत त्याचं काय? गावात घर भाड्याने मिळायला ज्याला अडचण, त्याला जामीनदार कुठून मिळणार? माझ्या वडिलांच्या सहीसाठी येणारी माणसं एकमेकांच्या ओळखीतली होती, बरीचशी नात्यातली आणि जातीतलीही. ज्यांना ओळख नव्हती ते खासगी सावकाराकडे जात.

अमेरिकेतही पूर्वी फार वेगळं नव्हतं. आजची इक्विफॅक्स १८९९ मध्ये अटलांटात 'रिटेल क्रेडिट कंपनी' या नावाने सुरू झाली. तिचे चौकशी अधिकारी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून लोकांच्या दारू पिण्याच्या, घरगुती भांडणांच्या, चालचलणुकीच्याही नोंदी ठेवत. त्यावर ओरड झाली आणि १९७० चा फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायदा आला. १९७४ च्या समान पतसंधी कायद्याआधी तर कमावत्या बाईलाही अनेक ठिकाणी नवऱ्याच्या सहीशिवाय कार्ड मिळत नव्हतं. आज कर्ज देताना वंश, धर्म, मूळ देश, लिंग, वैवाहिक स्थिती पाहायची नाही असा कायदा आहे, आणि स्कोअरच्या गणितात यांतलं काहीच धरलेलं नाही. माझ्या शेजारच्या मुलीला कुणाच्या दारात फॉर्म घेऊन जावं लागत नाही, याचं मोल मी कमी मानत नाही. पण या गणिताला काटकसर दिसत नाही. ती दरमहा हजाराहून जास्त डॉलर भाडं भरते. घरमालक ते सहसा कुणाला कळवत नाहीत, त्यामुळे तिच्या खात्यावर त्याची नोंद नाही. फोनच्या ३० डॉलरच्या बिलापायी कार्ड वापरलं की मात्र नोंद होते. हे मला चुकीचं वाटतं, आणि भाड्याची नोंद होण्याची सोय सक्तीची व्हायला हवी असं माझं मत आहे.

पतसंस्थेवरून आठवलं, तर इथे तिच्या जवळची चीज आहे ती क्रेडिट युनियन. तीही सभासदांची, तिथेही पाच-दहा डॉलरचा भाग घेऊन सभासद होता येतं. पुष्कळ क्रेडिट युनियन सिक्युअर्ड कार्ड देतात आणि काही ठिकाणी अनामत बचत खात्यात राहून तिच्यावर थोडं व्याजही मिळतं. संघराज्याच्या परवान्यावर चालणाऱ्या क्रेडिट युनियनला कर्जावर १८ टक्क्यांहून जास्त व्याज लावता येत नाही; एरवी अशा कार्डांचा दर २५ टक्क्यांच्या पुढे सहज जातो. मुलांनी बँकेत जाण्याआधी आपल्या कंपनीची किंवा विद्यापीठाची क्रेडिट युनियन आहे का, हे विचारावं.

कार्ड कुठूनही घ्या, सही करण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. वार्षिक शुल्क आहे का. असेल तर दुसरं कार्ड पाहा, कारण शुल्क न घेणारी कार्डं मिळतात. नोंद तिन्ही संस्थांकडे जाते का, हे नक्की विचारा. एकाच ठिकाणी जाणारी नोंद निम्म्या वेळा उपयोगी पडत नाही. प्रीपेड कार्ड आणि डेबिट कार्ड दिसायला अगदी असंच असतं, पण त्याची नोंद कुठेच होत नाही. आणि अनामत कधी, कशी परत मिळते? नियमित भरणाऱ्याचं कार्ड काही महिन्यांनी साधं करून पैसे परत देणाऱ्या बँका आहेत, आणि खातं बंद करेपर्यंत ते अडकवून ठेवणाऱ्याही आहेत. परत येणारा चेक अनेकदा शेवटच्या पत्त्यावर येतो. व्हिसाचं जमलं नाही आणि गाशा गुंडाळून परतावं लागलं, तर तो चेक मिळवताना जिवाचं पाणी होतं. पत्ता बदलला की त्याच दिवशी बँकेला कळवावं.

खरी मेख पुढेच आहे, तारखांची. स्कोअरमध्ये वेळेवर भरण्याला ३५ टक्के वजन आणि मर्यादेपैकी किती वापरलं याला साधारण ३० टक्के. मर्यादा ३०० डॉलरची. न्यूअर्क अव्हेन्यूवर एकदा महिन्याचं वाणसामान भरलं आणि पाथ गाडीचं भाडं त्याच कार्डावरून गेलं, की दोनशे डॉलर झालेच. बँक तीन संस्थांना साधारणपणे तो आकडा कळवते जो स्टेटमेंट निघण्याच्या दिवशी बाकी असतो. बिल भरायची शेवटची तारीख त्यानंतर किमान २१ दिवसांनी येते, तसा २००९ चा कायदाच आहे. म्हणजे मुलगी शेवटच्या तारखेच्या आत पै न पै भरते, तरी कागदावर ती तिची मर्यादा दोन तृतीयांश वापरून बसलेली दिसते आणि आकडा खाली येतो. उपाय सोपा आहे. स्टेटमेंट निघण्याच्या दोन-तीन दिवस आधीच बरीचशी रक्कम भरून टाकायची, दहा-वीस डॉलर राहू द्यायचे, आणि स्टेटमेंट आलं की तेही शेवटच्या तारखेच्या आत पूर्ण भरायचे. त्याहून सोपं म्हणजे कार्डावर फक्त फोनचं बिल लावायचं, पूर्ण रक्कम आपोआप भरली जाईल अशी सोय करायची, आणि कार्ड कपाटात ठेवायचं.

रूममेट मुलींमध्ये एक समजूत पसरलेली आहे, की थोडी बाकी पुढच्या महिन्यावर ढकलली तर स्कोअर चढतो. ती साफ खोटी आहे. ढकललेल्या बाकीने स्कोअरला काही मिळत नाही, बँकेला मात्र व्याज मिळतं. या कार्डावरून एटीएममधून रोख रक्कम तर कधीच काढू नये; तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. हप्ता ३० दिवसांहून जास्त थकला तर ती नोंद सात वर्षं राहते. एवढ्या कोवळ्या खात्याला ती फार महाग पडते.

नकाराचं पत्रही फेकून देऊ नये. नकाराची कारणं द्यायला बँक कायद्याने बांधलेली आहे, आणि ते पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत संबंधित संस्थेकडून आपला अहवाल फुकट मागवता येतो. आमच्या मुलीने मागवला. त्यात तिच्या नावाखाली काहीच नव्हतं, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. आडनावाच्या स्पेलिंगमुळे दुसऱ्याच कुणाची थकबाकी आपल्या अहवालात येऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

एक गोष्ट मात्र मला पटलेली नाही, आणि ती बदलावी असं मी इथल्या मतदार मंडळींना सांगत असते. याच न्यू जर्सी राज्यात घरमालकाला दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त अनामत घेता येत नाही. बहुतेक घरमालकांना ती व्याजाच्या खात्यात ठेवावी लागते, आणि ते व्याज दर वर्षी भाडेकरूला द्यावं लागतं किंवा भाड्यात वळतं करावं लागतं. तोच भाडेकरू बँकेत ३०० डॉलर ठेवतो, तेव्हा बहुतेक बँका त्यावर काहीच देत नाहीत. रक्कम छोटी आहे, पण ठेवणारी माणसं पहिल्या पगारातली आहेत. घरमालकाला लावलेला नियम बँकेला लावायला काय हरकत असावी?

तिने अखेर क्रेडिट युनियनमध्ये खातं उघडलं आणि कार्ड घेतलं. साताऱ्यात अजून थोडी नाराजी आहे. म्हणून तिकडे हे वाचणाऱ्या सगळ्या आईबाबांना माझी विनंती आहे : कर्ज काढू नये ही तुमची शिकवण मुलं विसरलेली नाहीत, पहिल्या महिन्यात कार्ड घेतलं म्हणून ती वाहवत गेली असं समजू नका. फोनवर विचारायचंच असेल तर एवढं विचारा, की पूर्ण बिल आपोआप भरलं जाण्याची सोय लावली आहेस ना.