बाण आणि आकडे

अकरावीला आवर्तसारणी शिकवताना मी फळ्यावर चौकट काढायचो आणि कडेनं बाण मारायचो. डावीकडून उजवीकडे अणूचा आकार घटतो, आयनीभवन ऊर्जा वाढते. गणात वरून खाली नेमकं उलटं. पोरं खूश, कारण पाच मिनिटांत मार्कांची सोय. मीही खूश. आकड्यांचा तक्ता उघडायची गरजच पडायची नाही.

एका चाचणीत कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन आयनीभवन ऊर्जेच्या चढत्या क्रमानं लावायला दिले होते. एका मुलीनं ऑक्सिजन नायट्रोजनच्या आधी लिहिला. मी काट मारली. ती पेपर घेऊन आली, ‘‘सर, तक्त्यात नायट्रोजनचे १४०२ आहेत, ऑक्सिजनचे १३१४.’’ छपाईची चूक असेल, असं सांगून मी तिला वाटेला लावलं. तक्ता पाहिला तो घरी गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी मार्क दिले आणि वर्गात कारणही ठोकून दिलं: नायट्रोजनचं पी-उपकवच अर्धं भरलेलं, म्हणून स्थिर. हेही अर्धवटच. ‘स्थिर’ म्हटलं की पोरं पुढे विचारत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग. ऑक्सिजनमध्ये त्या उपकवचातल्या चौथ्या इलेक्ट्रॉनला आधीच एक इलेक्ट्रॉन असलेल्या कक्षिकेत शिरावं लागतं. दोघांचं प्रतिकर्षण होतं, म्हणून त्यातला एक काढणं सोपं जातं.

मग तक्ता नीट वाचायला घेतला आणि माझी लाज निघत गेली. इलेक्ट्रॉन घेताना सर्वांत जास्त ऊर्जा फ्लोरिन बाहेर टाकतो, असं मी शिकवत होतो. फ्लोरिनचा आकडा ३२८ किलोज्यूल प्रति मोल, क्लोरिनचा ३४९. इवल्याशा फ्लोरिनमध्ये आधीच इलेक्ट्रॉनांची दाटी असते. विद्युतऋणतेत तो पहिला, हे खरं. मी दोन्ही गोष्टी एकच समजून चाललो होतो. गॅलियम अॅल्युमिनियमच्या खाली असूनही किंचित लहान. मध्ये दहा संक्रमण मूलद्रव्यं येऊन जातात आणि त्यांचे डी-इलेक्ट्रॉन केंद्रकाचं आकर्षण फारसं अडवत नाहीत.

याच गॅलियमची गोष्ट मी दरवर्षी रंगवून सांगायचो. १८७५ मध्ये ब्वाबोद्राँनं तो शोधला, घनता ४.७ काढली. मेंडेलिव्हनं कळवलं, ५.९ च्या आसपास हवी. नमुना शुद्ध करून मोजल्यावर ५.९ च निघाली. सारणी बरोबर, प्रयोग चूक! माझी छपाईची चूक तिथूनच आली होती.

टेल्युरियमची गोष्ट मी कधी सांगितली नव्हती. गुणधर्म पाहून मेंडेलिव्हनं तो आयोडिनच्या आधी बसवला, ते योग्यच. पण त्याचा अणुभार आयोडिनपेक्षा जास्त भरतो म्हणजे मोजणाराच चुकला, असंही धरलं. मोजणारा चुकला नव्हता. आजही टेल्युरियम १२७.६ आणि आयोडिन १२६.९ आहे. क्रम ठरतो तो केंद्रकावरच्या भारानं, हे मोझलेच्या १९१३ च्या क्ष-किरणांच्या प्रयोगांतून दिसलं.

आता दोन्ही गोष्टी सांगतो. फ्लोरिनचं चुकीचं शिकून गेलेल्या बॅचेस मात्र कधीच्याच पास झाल्या. त्यांतले काहीजण हल्ली स्वतः क्लास घेतात.