ताश्कंदची नौबत

ताश्कंद म्हटले की आपल्याकडच्या वयस्कर माणसांना लालबहादूर शास्त्री आठवतात. ११ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे येथेच निधन झाले. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, २६ एप्रिलच्या पहाटे, या शहराखालची जमीन हादरली आणि सुमारे ३ लाख लोक बेघर झाले. सोव्हिएत संघाच्या साऱ्या प्रजासत्ताकांतून कामगार आले आणि शहर नव्याने उभे राहिले. ते पाहायला निघालो तेव्हा आमच्या मनात एक प्रश्न होता. जिथे घर सरकारने द्यायचे होते, तिथे ते सर्वांना सारखे मिळाले का?

मेट्रोने आम्ही आधी चिलांझारला गेलो. चार-पाच मजली इमारतींच्या रांगा, मध्ये दाट झाडी, बाकांवर गप्पा मारणारे म्हातारे. त्या काळी या घरांत नळ, गॅस, न्हाणीघर आणि हिवाळ्यात गरम राहणाऱ्या खोल्या होत्या. भाडे नाममात्र, त्याचे मूळ दर १९२८ पासून वाढलेले नव्हते. १९७७ च्या राज्यघटनेने तर घर हा नागरिकाचा हक्कच ठरवला.

पण घरे कमी आणि माणसे जास्त. म्हणून यादी होती, आणि पाळी यायला वर्षे लागत. यादीही एक नव्हती. मोठे कारखाने आणि सरकारी खाती आपापल्या माणसांसाठी वेगळी घरे बांधत. ज्याचा कारखाना मोठा, ज्याचा हुद्दा वरचा, त्याची पाळी लवकर येई. शहरात राहण्याची सरकारी नोंद नसेल, तर यादीत नावही लागत नसे.

तिथून आम्ही चोरसू बाजारामागच्या जुन्या शहरात आलो. अरुंद गल्ल्या, मातीच्या भिंती, भिंतीआड अंगण. येथे वस्तीला ‘महल्ला’ म्हणतात आणि अंगणाच्या घराला ‘होवली’. आपलेच मोहल्ला आणि हवेली! हिंदी शिकलेला एक तरुण सोबत होता. त्याच्या ओळखीच्या एका वृद्ध बाईंनी आम्हाला द्राक्षाच्या मांडवाखाली बसवले, नान आणि हिरवा चहा पुढे ठेवला. थोरल्या बहिणीला येथे ‘ओपा’ म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना आपाच म्हणालो.

‘‘आम्ही घरात नऊजण,’’ आपा सांगू लागल्या. ‘‘अब्बांचे नाव यादीत होते. नवी घरे दोन-तीन खोल्यांची. आजी म्हणायची, तिथे लग्नाचे दस्तरखान कुठे मांडणार? अम्मी म्हणायची, पण तिथे पाणी घरात येते.’’ त्यांच्या गल्लीत नळ कोपऱ्यावर होता. हिवाळ्यात बादल्या आणायचे काम मुलींचे. अब्बा गेले, तरी पाळी आली नाही.

१९६८ साली हंगेरीतल्या पेच आणि सेगेड या शहरांत इव्हान सेलेनी आणि ग्यॉर्ज कोनराड यांनी अशाच घरांची पाहणी केली होती. सरकारची स्वस्त, सोयीची घरे वरच्या हुद्द्याच्या लोकांना अधिक मिळत होती. साध्या कामगारांना बहुधा पदरचे पैसे घालून घर उभारावे लागत होते. म्हणजे ज्याला आधीच बरे होते, त्यालाच सरकारची मोठी मदत. आपांच्या अब्बांनीही मागची खोली स्वतःच्या हातांनी, कच्च्या विटांची बांधली होती.

यादीला उझबेकीत काय म्हणतात, आम्ही विचारले. ‘‘नवबत,’’ आपा म्हणाल्या. आम्ही चमकलो. आपल्या मराठीतली नौबत हीच. फक्त आपल्याकडे ती माणसावर येते. आपांच्या घरी ती आलीच नाही.

निघताना आपांनी विचारले, ‘‘तुमच्या शहरात घर कसे मिळते?’’ आम्ही एकमेकांकडे पाहिले. भाड्याचे घर शोधताना आम्हाला कितीदा तरी आधी नाव विचारले गेले होते, पैशांची गोष्ट नंतर. एवढे त्यांना कसे सांगायचे, ते सुचेना.

‘‘आमच्याकडेही रांग आहे, आपा,’’ आम्ही म्हणालो. ‘‘फक्त ती कागदावर नाही.’’

तरुणाने भाषांतर केले. आपांनी काही न बोलता आमच्या पिशवीत दोन नान आणखी घातले.