बिडाला गेलेली चीर

मैत्रिणींनो, तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतू नये, हे आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. बीड कठीण खरे, पण ठिसूळ. हेच बीड ट्रॅक्टरच्या इंजिनातही असते. तिथे चीर गेली तर जोडायचे की बदलायचे, हा प्रश्न पुरुषमंडळींइतकाच आपलाही. पैसा शेवटी घरातलाच जातो ना!

मी शिरूरला तासिकांवर शिकवते. सासरची उसाची शेती दौंड तालुक्यात, भीमेकाठी. हंगामाच्या तोंडावर आमच्या ट्रॅक्टरच्या इनटेक मॅनिफोल्डला चीर सापडली. फिल्टरमधून गाळून आलेली हवा प्रत्येक सिलिंडरला वाटून देणारी, फाटे फुटलेली नळी म्हणजे मॅनिफोल्ड.

घरात तीन मते! मामंजी म्हणाले, "वेल्डिंग मारून घ्या." ह्यांच्या मनात लोखंडी पाइप कापून तशीच नळी घडवून घ्यायची. दौंडचा मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, नवाच टाका." नव्याची किंमत माझ्या महिन्याच्या मानधनाच्या निम्मी, आणि ते पैसे मी लेकीच्या सायकलसाठी बाजूला काढलेले.

"ट्रॅक्टर तर चालतोय, मग चीर राहिली म्हणून बिघडलं काय?" मी विचारले. त्याने इंजिन रेस करून चिरेवर साबणाचा फेस लावला. फेस आत ओढला गेला! (टर्बो इंजिनात हवा दाबाने भरते, तिथे ती बाहेर फुसफुसते. आमचे साधे.) मग उलगडा झाला. चहा गाळून झाल्यावर कपात माती पडली, तर गाळणीचा काय उपयोग? डिझेल इंजिन तेवढ्याने बंद पडत नाही. धुळीने लायनर आणि रिंगा मुकाट झिजतात, मग धूर, ऑइल पिणे, आणि शेवटी इंजिन खोलणे.

वेल्डिंग वाईट असे नाही, बरं का. बीड आधी तापवून, निकेलच्या रॉडने थोडे थोडे जोडून, सावकाश गार केले तर टिकते. पण आमची चीर थेट फ्लँजपर्यंत, म्हणजे इंजिनाला टेकणाऱ्या सपाट बैठकीपर्यंत गेलेली. वेल्डिंगच्या उष्णतेने ती बैठक वाकली, तर पॅकिंग नवे घालूनही हवा शिरणार. घडवलेल्या पाइपात आतली वेल्डिंगची खपली सुटून सिलिंडरात जायची भीती. मामंजींना हे पटायला दोन दिवस लागले. शेवटी नवाच टाकला. सायकल दोन महिने पुढे गेली, लेक रुसली.

तुमच्यावर वेळ आली तर चीर कुठे आहे ते आधी बघा. मधल्या भागात, बारीक, आणि कारागीर बिडाचे काम जाणणारा असेल, तर खुशाल जोडून घ्या. बैठकीला गेली असेल तर बदला. दुकानात जुना भाग बरोबर न्या. पॅकिंग नवेच घाला, नट मधून कडेकडे आवळायला सांगा. आणि काम झाल्यावर तीच साबणाची परीक्षा फिल्टरच्या रबरी नळीवर, क्लिपांवरही करून घ्या. धुळीला तीही वाट असते.