समीकरणांची वर्डवारी

माझी संमिश्र विश्लेषणावरची टिपणं मी वर्षानुवर्षं लॅटेकमध्ये लिहितो. प्रकाशकाकडे सगळं संपादन वर्डमध्ये चालतं. पीडीएफमधून समीकरणांची चित्रं कापून वर्डमध्ये चिकटवायची, ही त्यावरची रूढ पळवाट. नमुन्याचं एक पान तसं पाठवलं, तर संपादक मॅडमचा लगेच फोन. "सर, चित्रं नकोत. यातलं एखादं उणे चिन्ह बदलायचं झालं तर मी काय करू?"

रास्त प्रश्न होता. म्हणून पॅन्डॉककडे वळलो. जॉन मॅकफार्लन यांनी २००६ साली आणलेलं हे मोफत साधन. ते बर्कलीला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. तर्कशास्त्रवाल्यांनाही चिन्हांचा जाच असतोच म्हणा. यात बटणं नाहीत, मेनू नाही. टर्मिनलमध्ये एक ओळ लिहायची: ही फाइल घे, त्या नावाने वर्डची फाइल दे. पहिलं प्रकरण डोळ्यांदेखत तयार झालं. समीकरणावर क्लिक केलं, तर वर्डने ते स्वतःचंच समजून उघडलं.

हे कसं जमलं ते बघायला मी ती फाइल फोडली. वर्डची डॉकएक्स म्हणजे मुळात झिप केलेला गठ्ठाच. आतल्या एक्सएमएलमध्ये अपूर्णांकाची एक खूण, तिच्या पोटात अंशाची वेगळी, छेदाची वेगळी. लॅटेकमध्ये मी 'फ्रॅक' लिहून दोन महिरपी कंस देतो, तेच इथे पसरट करून मांडलेलं. वर्ड २००७ पासून समीकरणं याच रूपात ठेवतं. म्हणजे रूपांतर आकाराचं नाही, रचनेचं होतं. म्हणून मॅडमना चिन्ह बदलता येतं.

पुढच्या प्रकरणाला मात्र टर्मिनलवर इशारा उमटला: हे गणित बदलता आलं नाही, लॅटेकमध्येच ठेवतो आहे. भानगड होती कोशीच्या मुख्य मूल्याच्या समाकलनाची. त्या चिन्हावर आडवी रेघ मारायला मी लॅटेकच्या पायाशी असलेल्या टेकच्या खास आज्ञांनी घरगुती मॅक्रो केला होता. साधे मॅक्रो पॅन्डॉक उलगडतो, पण हा छापण्यासाठीच जन्मलेला. त्यात अर्थ काहीच नव्हता, नुसती जागा सरकवणं. मग मॅक्रोंच्या दोन फाइली केल्या. पीडीएफसाठी रेघवालं चिन्ह, वर्डसाठी समाकलनाआधी 'पी.व्ही.' ही अक्षरं. मूळ मजकुराला हात लावावा लागला नाही. अशा साधनांनी न जमलेलं गुपचूप गाळण्यापेक्षा असं बोंबलून सांगावं, हे मला फार आवडतं.

खरा वेळ खाल्ला तो समीकरणांच्या क्रमांकांनी. 'समीकरण (३.४) वरून' असं जिथे हवं, तिथे वर्डमध्ये चौकटी कंसात माझ्या लेबलाचं नाव येऊन बसलं. क्रमांक लॅटेक स्वतः मोजतो आणि ऑक्स नावाच्या दुय्यम फाइलीत टिपून ठेवतो: लेबल, क्रमांक, पान. छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली. ती ऑक्स वाचते, मजकुराच्या तात्पुरत्या प्रतीत लेबलांच्या जागी क्रमांक भरते, समीकरणाच्या शेवटीही जोडते, आणि मग ती प्रत पॅन्डॉकच्या हवाली करते. हे सगळं एका मेकफाइलमध्ये बांधलं. आता 'मेक' म्हटलं की जे प्रकरण बदललं असेल तेवढंच नव्याने होतं. मध्येच एखादं समीकरण घुसवलं, तरी पुढचे क्रमांक वर्डमध्येही आपोआप सरकतात. वेळ वाचतो हे आहेच, पण मला जास्त मोलाचं वाटतं ते हे, की दहाव्यांदाही काम पहिल्यासारखंच होतं; माणूस मात्र कंटाळतो.

उलटा प्रवास मी मुद्दाम यंत्रावर सोडला नाही. पॅन्डॉक वर्डमधून लॅटेकमध्येही आणतो, पण माझे मॅक्रो उलगडलेलेच राहतात, आणि तसली फाइल पुढे सांभाळणं म्हणजे शिक्षाच. वर्डचे 'ट्रॅक चेंजेस'ही समीकरणाच्या आत नीट चालत नाहीत. म्हणून मॅडमशी ठरवून टाकलं: मजकुरात हवे ते बदल करा, समीकरणाशेजारी मात्र शेरा लिहा. पॅन्डॉकला सांगितलं तर तो बदल आणि शेरे, कोणी केले नि कधी केले यांसह, साध्या मजकुरात काढून देतो. ती यादी एका बाजूला, लॅटेकची फाइल दुसऱ्या बाजूला, असं ठेवून मी एकेक दुरुस्ती हाताने भरतो. गेल्या खेपेचा एक शेरा होता: "इथे कंटूर घड्याळाच्या दिशेने आहे का? मग उणे कुठे गेलं?" मॅडम गणिताच्या नाहीत. मी आकृतीत बाण काढला, खाली एक ओळ वाढवली आणि पुन्हा 'मेक' चालवलं.