माथेरान आणि मिटलेलं तोंड

दस्तुरी नाक्याला गाडी सोडली की हॉर्न बंद, लाल मातीची वाट सुरू... आणि दहा महिन्यांचे साहेब तोंड घट्ट मिटून घेतात! घोडे, माकडं, नवी माणसं. भूक पोटापेक्षा डोळ्यांनाच जास्त. चमचा घेऊन मागे लागू नका. हॉटेलवाल्याला सांगून मऊ भात करून घ्या, वर घरून आणलेलं तूप. दोन घास गेले तरी फत्ते! बाजारातला मध मात्र बोटावरही चाटवायचा नाही; वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझमचा धोका असतो. (चिक्की आईबाबांसाठी!) साहेब दूधही नको म्हणतायत, मरगळलेत, सहा तास डायपर कोरडाच? मग सनसेट गेला खड्ड्यात, डॉक्टर गाठा. अंधाराची वाट बघू नका, नाक्यापर्यंत पोचायलाच वेळ जातो.